संयुक्त आहे हे पक्कं, अवयव मात्र कुणालाच माहीत नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांचे इअरफोन बॅगेतच राहून गेलेत, त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड लेखी. बोलताना जे ‘म्हणजे’ आणि ‘तर’ शंभर वेळा येतात त्यातले थोडे गाळलेत. सगळे नाही गाळले, नाहीतर मीच बोलतोय असं वाटणार नाही.

सुरुवात माझ्या चुकीपासून. मागच्या एपिसोडमध्ये मी अगदी ठासून एक वाक्य बोललो होतो: “एखादी संख्या संयुक्त आहे हे सिद्ध करायचं तर तिचा एक अवयव काढून दाखवावा लागतो.” एपिसोड आला आणि दुसऱ्याच दिवशी अकरावीतल्या एका श्रोतीची व्हॉइस नोट आली. ती म्हणाली, “दादा, मी नेटवर वाचलं की २ चा १२७७ वा घात वजा १ ही संख्या संयुक्त आहे, पण तिचा एकही अवयव अजून सापडलेला नाही. मग तू म्हणतोस ते कसं बरोबर?”

बरोबर नाहीच. ती बरोबर आहे, मी चुकलो. आणि ही चूक साधी नाही, कारण ‘संयुक्त आहे हे कळणं’ आणि ‘अवयव सापडणं’ या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे, त्या अंतरावर तुमच्या फोनमधली बरीचशी सुरक्षितता उभी आहे. म्हणून आजचा अख्खा एपिसोड त्या एका प्रश्नासाठी.

आधी शब्द पक्के करू

शाळेतलं आठवा. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः एवढेच विभाजक असतात ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ वगैरे. १ पेक्षा मोठी आणि मूळ नसलेली ती संयुक्त. ६ म्हणजे २ × ३, झाली संयुक्त. ९१? पटकन बघितलं तर मूळ वाटते. २ ने जात नाही, ३ ने जात नाही, ५ ने नाही. पण ७ × १३ = ९१. ही ९१ लक्षात ठेवा, तिचं काम आहे पुढे.

पटावरचे दाणे आणि त्याच्या आठपट

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट लहानपणी ऐकली असेल. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत ६४ घरं. एकूण दाणे किती? २ चा ६४ वा घात वजा १. म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. वीस अंकी संख्या. राजाचं कोठार रिकामं होतं ती ही संख्या.

आता हिचे अवयव पाडा म्हटलं तर अवघड वाटेल, पण शाळेतलं सूत्र काढा: a वर्ग वजा b वर्ग म्हणजे (a + b) गुणिले (a − b). २ चा ६४ वा घात म्हणजे २ च्या ३२ व्या घाताचा वर्ग, आणि १ म्हणजे १ चा वर्ग. म्हणून ही संख्या फुटते: (२ चा ३२ वा घात + १) × (२ चा ३२ वा घात − १). दुसरा कंस परत तसाच फुटतो, मग परत, मग परत. कांद्याच्या पाकळ्या सुटाव्यात तसं. शेवटी हातात येतात ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. यातली शेवटची सोडली तर सगळ्या मूळ. आणि त्या शेवटचीचे अवयव ६४१ आणि ६७,००,४१७ हे ऑयलरनं १७३२ मध्ये शोधले होते.

बघा, वीस अंकी संख्या, आणि जवळपास सगळं काम आठवी-नववीच्या सूत्रानं झालं.

आता पटाला आणखी तीन घरं जोडा. ६७ घरं. दाण्यांची बेरीज साधारण आठपट: २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंक. मागचीपेक्षा एकच अंक जास्त. पण इथे ते सूत्र चालत नाही, कारण ६४ चे तुकडे पडतात आणि ६७ ही स्वतःच मूळ संख्या आहे. घात मूळ असला की पाकळी सुटतच नाही. याचा अर्थ संख्या मूळ असेलच असा नाही हं. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, ११ मूळ आहे, तरी २०४७ = २३ × ८९. सूत्र उपयोगी पडत नाही, एवढंच.

या प्रकारच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मारें मर्सेन हे फ्रेंच धर्मगुरू. त्यांनी १६४४ मध्ये एक यादी छापली: २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांना ही संख्या मूळ येते. त्या यादीत ६७ होता. यादीत पाच चुका होत्या हे पुढे कळलं. ६७ आणि २५७ नको होते, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. पण ६७ ची चूक पकडायला दोनशे वर्षांहून जास्त काळ गेला.

आणि ती पकडली गेली तीही अर्धवट. १८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं सिद्ध केलं की ही संख्या मूळ नाही. अवयव? ते त्याला सापडले नाहीत. ‘संयुक्त आहे, पण कशाची बनलीय ते मला ठाऊक नाही.’ म्हणजे आपल्या श्रोतीनं विचारलेली परिस्थिती १८७६ सालीच आली होती.

फळ्यावरचा गुणाकार

पुढची गोष्ट ३१ ऑक्टोबर १९०३ ची. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक होती. फ्रँक नेल्सन कोल यांचं नाव पुकारलं गेलं. ई. टी. बेल यांनी ही हकीगत पुढे लिहून ठेवलीय. बेल यांना गोष्ट रंगवायची हौस होती, त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चाला. ते सांगतात की कोल एक शब्द न बोलता फळ्याकडे गेले. एका बाजूला २ चा ६७ वा घात हातानं काढला, त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या जागेत हा गुणाकार मांडला:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

आणि तोही हातानं, ओळीखाली ओळ मांडत, पूर्ण केला. दोन्ही उत्तरं एकच आली. कोल जागेवर जाऊन बसले. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि प्रश्न कुणी विचारला नाही. नंतर बेल यांनी विचारलं, हे शोधायला किती वेळ लागला? उत्तर होतं, तीन वर्षांचे रविवार.

मला या गोष्टीत टाळ्यांपेक्षा एक दुसरी गोष्ट जास्त आवडते. तपासायला फळ्यावरची काही मिनिटं, शोधायला तीन वर्षांचे रविवार. गुणाकार सोपा, उलटा प्रवास अवघड. हे विसरू नका, आपल्याला फोनपर्यंत जायचंय.

कोल काही एकेक संख्येनं भागत बसले नव्हते. मर्सेन संख्येचे अवयव कसेही नसतात, त्यांना ठरावीक साचा असतो. घात ६७ असेल तर प्रत्येक अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो (१३४ म्हणजे ६७ ची दुप्पट). पडताळा घ्या: १९,३७,०७,७२१ मधून १ वजा करा, १३४ ने भागा. उत्तर येतं १४,४५,५८०, बाकी शून्य. म्हणजे एकोणीस कोटींहून जास्त संख्या तपासायच्या ऐवजी साडेचौदा लाखांच्या आत काम. तरी हातानं साडेचौदा लाख म्हणजे काय! म्हणून कोल यांनी आणखी युक्त्या लावून ती यादी खूप छोटी केली. आज हेच काम साधा लॅपटॉप डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो.

थर्मामीटर

आता मुख्य प्रश्न. अवयव न शोधता ‘संयुक्त आहे’ हे कळतं कसं?

थर्मामीटरसारखं. ताप १०२ आला म्हणजे माणूस आजारी आहे हे नक्की. पण डेंग्यू, मलेरिया की साधा व्हायरल, ते थर्मामीटर सांगत नाही. गणितात अशी थर्मामीटरं आहेत, आणि त्यातलं सगळ्यात जुनं पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये सांगितलं.

नियम असा: p ही मूळ संख्या असेल, आणि a ही p च्या पटीत नसेल, तर a चा (p − १) वा घात घ्या आणि p ने भागा. बाकी १ च उरते. नेहमी. उदाहरणार्थ p = ७, a = २. २ चा ६ वा घात ६४. ६४ भागिले ७, नऊ साते त्रेसष्ट, बाकी १. जमलं.

आता हे उलटं वाचा. मूळ असेल तर बाकी १ यायलाच हवी. म्हणजे बाकी १ आली नाही, तर संख्या मूळ नाही. विषय संपला. एकदाही तिला ७ ने किंवा १३ ने भागायची गरज नाही.

९१ वर लावून बघू. २ चा ९० वा घात भागिले ९१, बाकी किती? ९० वेळा गुणायचं नाही. २ चा १२ वा घात ४०९६ आहे, आणि ९१ × ४५ = ४०९५. म्हणजे बाकी १. बारा-बाराचे सात गठ्ठे केले की ८४ वेळा गुणून झालं आणि बाकी अजून १ च. उरले सहा. २ चा ६ वा घात ६४. म्हणून शेवटची बाकी ६४.

१ यायला हवी होती, ६४ आली. ९१ ला ताप आहे! ती संयुक्त आहे, पक्कं. आणि हे सगळं करताना ७ किंवा १३ कुठेही दिसले नाहीत. हिशोबाची वही परत वाचा हवं तर.

थर्मामीटर खोटंही बोलतं

इथे थांबलो तर परत चूक होईल, म्हणून पुढे ऐका. २ ऐवजी ३ घेऊन ९१ तपासा. ३ चा ६ वा घात ७२९, आणि ९१ × ८ = ७२८. बाकी १. ९० मध्ये सहाचे पंधरा गठ्ठे बरोबर बसतात, म्हणून ३ चा ९० वा घात घेतला तरी बाकी १. म्हणजे ३ हे थर्मामीटर ९१ ला ‘ठणठणीत’ म्हणतं, आणि ९१ तर आजारी आहे. बाकी १ न येणं हा पुरावा आहे, बाकी १ येणं हा पुरावा नाही. ताप नाही म्हणून आजार नाही असं थोडंच असतं.

मग दुसरा आकडा घ्यायचा, तिसरा घ्यायचा, कुणीतरी पकडेल. पण काही संख्या अशा बिलंदर आहेत की त्यांच्या अवयवांच्या पटीतले आकडे सोडले तर कुठलाही आकडा घ्या, बाकी १ च येते. त्यांना कार्मायकल संख्या म्हणतात. सगळ्यात लहान ५६१, मग ११०५, आणि तिसरी कोण? १७२९! हो, तीच, हार्डींच्या टॅक्सीच्या नंबरची, रामानुजनवाली. १७२९ = ७ × १३ × १९. दोन घनांची बेरीज दोन प्रकारे होणारी सगळ्यात लहान संख्या म्हणून ती प्रसिद्ध आहे, पण फर्माच्या थर्मामीटरला सफाईनं फसवते म्हणूनही तिला ओळखायला हवं.

या फसवणुकीवर उपाय सापडला १९७० च्या दशकात. मिलर आणि राबिन यांच्या नावानं ओळखली जाणारी चाचणी ही फर्माच्याच थर्मामीटरची सुधारित आवृत्ती. तिला कुठलीही विषम संयुक्त संख्या फसवू शकते ती जास्तीत जास्त चारांत एकदा. वेगवेगळे ४० आकडे घेऊन तपासलं तर चाळीसही वेळा फसण्याची शक्यता १ भागिले ‘१ वर २४ शून्यं’ इतकी कमी.

आणि शक्यतेचा भागच नको, शंभर टक्के उत्तर हवं असेल तर? संख्या मोठी होत गेली तरी वेळ आटोक्यात ठेवणारी, कुठल्याही संख्येला चालणारी, पक्की पद्धत सापडली ऑगस्ट २००२ मध्ये, आपल्या आयआयटी कानपूरमध्ये. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते. जगभरच्या गणितज्ञांना न जमलेलं काम, आणि पेपर इतका सुटसुटीत की गणिताचा चांगला विद्यार्थी बसून वाचू शकेल. पण लक्षात घ्या, तिसुद्धा ‘मूळ’ की ‘संयुक्त’ एवढंच सांगते. अवयव ती देत नाही.

आता ती १२७७ वाली

२ चा १२७७ वा घात वजा १. किती मोठी? ३८५ अंक. जुन्या हिशोबानं तीन एसएमएसमध्ये मावेल. फोनच्या एका स्क्रीनवर दिसेल. म्हणजे आकारानं काही राक्षस नाही.

मर्सेन संख्यांसाठी ल्युकाच्या कल्पनेवरून लेहमर यांनी १९३० च्या सुमारास एक फार सुटसुटीत चाचणी बनवली. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तुमच्या मर्सेन संख्येनं भागून बाकी ठेवा. परत तेच. घातापेक्षा दोन कमी इतक्या वेळा. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही आलं तर संयुक्त.

लहान उदाहरण: २ चा ५ वा घात वजा १ म्हणजे ३१. घात ५, म्हणून तीन वेळा करायचं. ४ चा वर्ग १६, वजा २, आले १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४. ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२. ३१ ने भागून बाकी शून्य. ३१ मूळ.

१२७७ साठी हेच १२७५ वेळा करायचं. ज्यांना पायथन येतं त्यांनी आजच करून बघा, पाच-सहा ओळींचं काम आहे. मी लॅपटॉपवर केलं, एंटर दाबेपर्यंत उत्तर आलं. शून्य नाही. म्हणजे संयुक्त. यात ‘बहुतेक’ वगैरे काही नाही, हा पुरावा आहे.

आणि अवयव? एकही नाही. दोन आहेत की तीन की पाच, तेही माहीत नाही. ज्या मर्सेन संख्यांचा एकही अवयव ठाऊक नाही त्यांच्यातली ही सगळ्यात लहान. एकेक संख्येनं भागत बसायचं म्हटलं, तर सेकंदाला एक लाख कोटी भागाकार करणारं मशीनही ‘१ वर १५० शून्यं’ इतक्या वर्षांत ते संपवणार नाही. हुशारीच्या पद्धती आहेत, लोकांनी वर्षानुवर्षं कॉम्प्युटर चालवलेत. पन्नास अंकी किंवा त्याहून लहान अवयव असता तर बहुधा एव्हाना सापडला असता. याच प्रकारच्या १२०० घातापर्यंतच्या संख्या मोठमोठी मशीनं लावून फोडल्या गेल्यात. १२७७ त्याच्या जरा पुढे उभी आहे.

म्हणजे तोच लॅपटॉप ‘संयुक्त आहे का?’ याचं उत्तर क्षणात देतो, आणि ‘कशाची बनलीय?’ याला जगातलं अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. संख्या एकच, प्रश्न दोन.

यात तुमच्या फोनचा काय संबंध?

१९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी या अंतराचाच वापर करून कुलूप बनवलं. त्यांच्या आडनावांवरून आरएसए. कल्पना अशी: दोन प्रचंड मूळ संख्या निवडा, त्यांचा गुणाकार करा. गुणाकार जगाला सांगा, त्यानं कुणीही कुलूप लावू शकतं. पण उघडायला ते दोन अवयव लागतात, आणि ते फक्त तुमच्याकडे.

आता विचार करा, हे चालण्यासाठी दोन्ही बाजू हव्यात. एक, मोठ्या मूळ संख्या पटकन ओळखता यायला हव्यात. आज नेहमीचं आरएसए कुलूप ६१७ अंकी असतं, म्हणजे त्यात तीनशेहून जास्त अंकांच्या दोन मूळ संख्या. मशीन काय करतं? अशी एक विषम संख्या अचानक उचलतं, मिलर-राबिन लावतं, ताप निघाला की फेकतं, दुसरी उचलतं. त्या आकारात सरासरी साडेतीनशे विषम संख्यांमागे एक मूळ निघते, त्यामुळे काम लगेच होतं. दोन, गुणाकारातून अवयव परत काढणं जवळजवळ अशक्य असायला हवं. थर्मामीटर वेगवान आणि निदान अशक्य: दोन्ही एकदम लागतं. ‘संयुक्त ओळखणं’ म्हणजेच ‘अवयव काढणं’ असं असतं, म्हणजे मागच्या एपिसोडमधलं माझं वाक्य खरं असतं, तर हे कुलूप बनलंच नसतं.

ब्राउझरमध्ये वेबसाइट खरी आहे हे ज्या सर्टिफिकेटवरून ठरतं, त्यात आरएसए अजूनही भरपूर वापरतात. बऱ्याच ठिकाणी आता वक्रांवर आधारलेली वेगळी कुलपं आलीत, पण त्यांचाही पाया तसलाच, पुढे सोपं, मागे अवघड.

कुलूप किती पक्कं?

सुरुवातीचा अंदाज चुकला होता, हे सांगितलंच पाहिजे. ऑगस्ट १९७७ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या मार्टिन गार्डनर यांच्या सदरात १२९ अंकी एक संख्या आव्हान म्हणून छापली गेली. बक्षीस १०० डॉलर. फोडायला ‘४ वर १६ शून्यं’ इतकी वर्षं लागतील असा अंदाज होता. लागली १७. एप्रिल १९९४ मध्ये इंटरनेटवरून जोडलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी सोळाशे मशीनं कामाला लावून ती फोडली. मशीनं वेगवान झाली हे खरं, पण नव्या, चांगल्या पद्धती सापडल्या हे जास्त खरं. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकीही फुटली. एका प्रोसेसर कोरनं एकट्यानं केलं असतं तर सुमारे २७०० वर्षांचं काम. ६१७ अंकी अजून कोसो दूर आहे.

आणि कधी कधी कुलूप मजबूत असतं, पण बनवणारा आळस करतो. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो सार्वजनिक आरएसए संख्या गोळा केल्या. फोडायच्या भानगडीत न पडता एकच काम केलं: त्यांचे मसावि काढले. होय, पाचवी-सहावीतला मसावि.

का? समजा एकाचं कुलूप ९१ आहे आणि दुसऱ्याचं १४३. मोठ्यातून लहान वजा करत जा: १४३ − ९१ = ५२. ९१ − ५२ = ३९. ५२ − ३९ = १३. आणि १३ ने ३९ ला पूर्ण भाग जातो. मसावि १३. दोघांनी १३ ही एकच मूळ संख्या वापरली होती, आणि दोन्ही कुलपं एका झटक्यात उघडली: ७ × १३ आणि ११ × १३. ही परस्पर भागाकाराची युक्ती युक्लिडची, आर्यभटांच्या कुट्टकातही तीच आहे. शेकडो अंकी संख्यांवरही ती क्षणात चालते.

त्या अभ्यासात दर हजारात साधारण दोन संख्या अशा निघाल्या ज्यांना काहीच सुरक्षितता नव्हती. कारण बहुतेक ठिकाणी एकच. राउटरसारखी छोटी यंत्रं चालू झाल्या झाल्या कुलूप बनवायला बसायची, आणि तेव्हा त्यांच्याकडे ‘अचानक’ आकडा निवडण्याइतका गोंधळ जमा झालेला नसायचा. म्हणून अनेकांनी एकच मूळ संख्या उचलली. दोन अनोळखी लोकांच्या घराची अर्धी किल्ली सारखी.

एक शेवटची, जरा अस्वस्थ करणारी गोष्ट

अवयव काढणं अवघड आहे, असं मी आज पंधरा वेळा म्हणालो. पण ते अवघडच आहे हे कुणी सिद्ध केलेलं नाही. एवढंच म्हणता येतं की एवढ्या हुशार माणसांनी एवढी वर्षं शोधूनही सोपा रस्ता सापडलेला नाही. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवलं की मोठा क्वांटम कॉम्प्युटर बनला तर रस्ता आहे. तसं मशीन अजून नाही, पण वाट बघत बसायला नको म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये वेगळ्या गणितावरची नवी कुलपं जाहीर केली. तुमच्या फोनमधल्या काही ॲपनी ती वापरायला सुरुवातही केलीय.

तर ज्या श्रोतीनं व्हॉइस नोट पाठवली तिला: तुझं बरोबर होतं, थँक यू. मी माझं वाक्य बदलतो. संयुक्त असल्याचा पुरावा द्यायला अवयव लागत नाही, एक चुकलेली बाकी पुरते.

बाकीच्यांना गृहपाठ. ३४१ ही संख्या घ्या. २ चं थर्मामीटर लावा, मग ३ चं. दोन्हींत काय फरक येतो ते वही-पेननं काढा (इशारा: २ चा १० वा घात १०२४, आणि ३४१ ची तिप्पट किती?). उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा. आणि मी कुठे चुकलो असेन तर तेही सांगा, त्यातूनच पुढचा एपिसोड निघतो. भेटू पुढच्या आठवड्यात!